लेकीनं रात्रीचं जेवण सोडलंय (सोसायटीचा ग्रुप, लातूर)

बी-३०४, ताई: नमस्कार. जरा मोकळेपणानं विचारते. लेक दहावीला आहे, पंधरावं सरलं. मामाच्या लग्नासाठी घागरा शिवायला टाकला तेव्हा माप घेताना कुणीतरी काही बोललं. तेव्हापासून तिनं रात्रीचं जेवण बंद केलंय. सकाळी लिंबूपाणी, दुपारी अर्धी भाकरी. काही म्हणायला गेलं की रडते. क्लास लागल्यापासून वजन वाढलंय हे खरं आहे. काय करावं?

ए-४०२, दादा: ताई, माझ्या ओळखीत एक शेक पावडर आहे. एका वेळच्या जेवणाऐवजी घ्यायची. ऑफिसात पुष्कळांचं वजन उतरलंय. नंबर पाठवू का?

सी-१०३, काकू: आम्हीपण एकादशी-चतुर्थी करीतच होतो की. पण लेकरू रोजच उपाशी झोपत असंल तर ते काही खरं नाही, माय.

ए-१०२, डॉक्टर मॅडम: दादा, कृपा करून नंबर नका पाठवू. वाढत्या लेकरांना जेवणाऐवजी पावडर द्यायची नसते. पंधराव्या वर्षी हाडं भरत असतात, पाळी नुकती बसलेली असते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशींप्रमाणे या वयाच्या मुलीला रोज साधारण ४३ ग्रॅम प्रथिनं आणि ३० मिलिग्रॅम लोह लागतं. लिंबूपाणी आणि अर्ध्या भाकरीतून ते कुठून मिळणार? असं जेवण तोडलं की चरबीसोबत स्नायूही झिजतात. चक्कर येते, केस गळतात, पाळी पुढंमागं होते. मग एक दिवस भूक आवरत नाही, एकदम खाल्लं जातं आणि वजन पुन्हा तिथंच.

ताई, आधी उंची-वजन नीट मोजू. मुलांना मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, लावत नाहीत. वयाप्रमाणे, मुलगा-मुलगी प्रमाणे वेगळे तक्ते आहेत, बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये आपल्या मुलांसाठी सुधारलेले. ज्या लेकरांची उंची अजून वाढतेय, त्यांचं वजन आहे तिथं थांबवलं तरी पुष्कळदा पुरतं. पंधराव्या वर्षी मुलींची उंची बरीचशी झालेली असते, त्यामुळं तिच्या बाबतीत थोडं उतरवावं लागेलही. पण सावकाश, आणि पोटभर जेवून.

ए-४०२, दादा: बरं मॅडम, नाही पाठवत.

बी-२०१: मॅडम, विषय निघालाच आहे तर विचारतो. आमचा मुलगा तेरा वर्षांचा. मानेमागं काळा पट्टा आलाय. त्याची आई रोज घासते, निघतच नाही.

ए-१०२, डॉक्टर मॅडम: घासू नका, तो मळ नाही. मानेवर किंवा काखेत कातडी अशी काळी आणि जाडसर झाली की शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आवरणाऱ्या संप्रेरकाला, नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. वजन जास्त असलेल्या मुलांत हे दिसतं. त्याला रागावू नका, तपासायला घेऊन या. रक्तातली साखर बघू.

बी-३०४, ताई: पण तिला जेवायला लावू कसं? ‘भाकरीनं वजन वाढतं’ असं रीलमध्ये बघितलंय तिनं.

सी-१०३, काकू: भाकरीनं कशाचं वाढतंय! दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण तुरीचं, मेथी नाहीतर अंबाडीची भाजी, वर ताक. आमच्या उदगीरच्या घरात थंडीत हुलग्याचं माडगं व्हायचं, ते प्यायलं की रात्री दुसरं काही खावं वाटत नव्हतं. वाढतंय ते कशानं सांगू का? पाचला शाळा सुटती, सहाला क्लास, मधी लेकरं गाड्यावर उभी. तळलेलं मंचुरियन आणि हातात थंड्याची बाटली. मी येता-जाता रोज बघते. त्यांचा तरी काय दोष, दुपारच्या डब्यावर सहापर्यंत कोण टिकंल?

ए-१०२, डॉक्टर मॅडम: काकूंनी नेमकं धरलं. ६०० मिलीच्या कोलाच्या बाटलीत साठ ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे बारा चमचे. दिवसाला दोन हजार कॅलरी धरल्या तर जागतिक आरोग्य संघटनेनं वरून घातलेल्या साखरेची कमाल मर्यादा पन्नास ग्रॅम सांगितलीय. त्यामुळं पाचचा दुसरा डबा द्याच. उकडलेले हरभरे कांदा-लिंबू घालून, मूठभर भाजलेले शेंगदाणे, पेरू, चालत असेल तर एक-दोन अंडी. तो डबा खाल्ला की रात्री भाकरी-भाजी नेहमीइतकी जाते आणि अकरा वाजता बिस्किटाचा पुडा फुटत नाही.

आणि ताई, तिच्या एकटीसाठी वेगळं ताट नको. घरात सगळ्यांचं एकच. थंडपेय फ्रिजमध्ये बाबांसाठीही नको. सगळ्यांनी एकत्र बसून जेवा आणि जेवताना वजनाचा विषय काढू नका. जेवून उलटी काढणं, पाळी चुकणं, लपवून खाणं असं काही दिसलं तर मात्र थांबू नका, लगेच या.

बी-२०१: आपणही लिफ्टमध्ये लेकरांना ‘काय गं, तब्येत सुधारली’ म्हणणं बंद केलं पाहिजे. मी आजपासून कुणालाच म्हणणार नाही.

सी-३०२, क्रीडाशिक्षक: खाण्याचं मॅडमनी सांगितलं, मी हालचालीचं सांगतो. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं-स्नायूंवर जोर येणारी. ही जागतिक आरोग्य संघटनेचीच शिफारस आहे. एका दमात नको, वीस-वीस मिनिटं तीनदा केली तरी चालतंय. जिमची गरज नाही. दोरीउड्या, लंगडी, खो-खो यात सगळं येतं. क्लास दीड-दोन किलोमीटरवर असेल तर स्कूटीवर सोडू नका, सायकल द्या.

दहावी-बारावीच्या नावाखाली खेळ पहिला बंद होतो, याचं मला फार वाईट वाटतं. मुलींचा तर आठवी-नववीतच होतो. दुसरं, झोप. तेरा ते अठराच्या लेकरांना आठ ते दहा तास लागते. रात्री एकपर्यंत पुस्तक, मग मोबाईल, पहाटे पुन्हा क्लास. अपुऱ्या झोपेनं भूक वाढते आणि गोड-तळलेलंच खावंसं वाटतं. अभ्यासाचा तास हवा तर पहाटे घ्या, पण दहाला दिवा बंद करा.

बी-३०४, ताई: सर, क्लासहून यायलाच आठ होतात. खेळायचं कुठं? खाली तर सगळ्या गाड्या.

अध्यक्ष, ए-३०१: हे आपल्या हातातलं आहे. सी विंगच्या मागची जागा मुलांचीच होती, तिथं आपण दुचाकी लावायला लागलो. उद्यापासून सव्वाआठ ते नऊ तिथं एकही गाडी नको. दुचाकी गेटजवळच्या भिंतीला लावाव्यात. हरकत असेल त्यांनी आज रात्रीच सांगावं.

ए-४०२, दादा: माझ्या दोन गाड्या आहेत, दोन्ही काढतो. बॅडमिंटनची जाळीपण पडून आहे घरात.

सी-३०२, क्रीडाशिक्षक: मुलींसाठी दोरीउड्या आणि खो-खो मी घेतो. आयांनीही उतरावं, नुसतं बघायला नको.

सी-१०३, काकू: तिथला दिवा लागत नाही, बघा. दिवाळीपासून बंद आहे.

अध्यक्ष, ए-३०१: वायरमनला फोन केलाय. सकाळी दहाला येतोय.