चोर बाजारातलं जुनं बिअर पोस्टर : खरं की छापील नक्कल?

मृण्मयी_ठाणे

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. धाकट्या भावाने पुण्यात परमिट रूम चालवायला घेतली आहे (आईला आम्ही 'रेस्टॉरंट' एवढंच सांगितलंय). भिंतींवर जुन्या बिअरच्या जाहिराती लावायच्या असं त्याच्या डोक्यात बसलंय. म्हणून रविवारी मटन स्ट्रीटला चोर बाजारात फेरी मारली. दोन वस्तू डोळ्यांत भरल्या.

पहिली, फ्रेम केलेलं कागदी पोस्टर. नाकावर काळ्या बिअरचा ग्लास तोलून धरणारा सी-लायन (सीलसारखा समुद्री प्राणी) आणि त्याच्याकडे हवालदिल होऊन बघणारा, निळ्या गणवेशातला प्राणिसंग्रहालयाचा रखवालदार. खाली लाल अक्षरांत गिनेस, म्हणजे ती आयर्लंडची काळी बिअर. मध्ये घड्या पडल्याच्या आडव्या-उभ्या खुणा, कडा पिवळट. दुकानदार म्हणतो, 1936 चं अस्सल आहे, 22 हजार. दुसरी, साधारण फूटभर लांबीची पत्र्याची पाटी. तिच्यावर मोठ्या चोचीचा टूकन पक्षी, भोकांभोवती गंज. तिचे साडेचार हजार.

चित्रं काढलीत कोणी, आणि अस्सल कशी ओळखायची? भाऊ टोकन देऊन मोकळा व्हायच्या बेतात आहे.

उगाचच

22 हजारांत अख्ख्या बारला पुरतील एवढ्या प्रिंट निघतील की. दोन पेगनंतर भिंतीवरचा सी-लायन 1936 चा की गेल्या मंगळवारचा, कोण विचारतंय?

दगडछाप

ताई, भावाला सांगा, टोकन खिशातच राहू दे.

माझी सगळी नोकरी छापखान्यात गेली. सुरुवातीला ज्यांच्या हाताखाली शिकलो ते जुने लिथो आर्टिस्ट होते (लिथो म्हणजे सपाट दगडावरून किंवा प्लेटवरून होणारी छपाई). कॅलेंडरातल्या लक्ष्मीच्या साडीचा गुलाबी रंग प्लेटवर हाताने पाडणारी ती माणसं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचा 'खरं की खोटं' हा भाग मला जास्त जवळचा, पण आधी चित्रकाराबद्दल सांगतो, कारण ओळखण्याची खूण त्याच्या चित्रातच आहे.

चित्रं जॉन गिलरॉयची. जन्म 1898, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचा, न्यूकॅसलकडचा माणूस. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकला आणि एस. एच. बेन्सन या जाहिरात कंपनीत चिकटला. गिनेसची भट्टी डब्लिनला 1759 पासूनची, पण वर्तमानपत्रातली त्यांची पहिली अधिकृत जाहिरात आली 7 फेब्रुवारी 1929 ला. पावणेदोनशे वर्षांच्या आसपास ही मंडळी जाहिरातीवाचून धंदा करत होती, आणि सुरुवात केली तीही बिचकत. नुसती 'बिअर प्या' अशी जाहिरात त्या घराण्याला हलकी वाटायची, असं पुढे गिलरॉयनेच सांगितलं आहे. म्हणून जोर दिला ताकदीवर. 1934 मध्ये आलेला, अख्खा लोखंडी गर्डर लीलया पेलून चालणारा कामगार हा त्यातला सर्वांत गाजलेला. बिअर प्यायल्याने गर्डर उचलता येतो हे आज कोणी छापलं तर दुसऱ्या दिवशी नोटीस येईल. पण चित्र म्हणून बघाल तर त्या कामगाराच्या चेहऱ्यावर श्रमाचा लवलेश नाही, आणि सगळा विनोद तिथे आहे.

प्राण्यांची मालिका त्यानंतरची, 1935 च्या सुमाराची. सर्कशीत सी-लायनचा खेळ बघताना गिलरॉयला ती सुचली. प्रत्येक चित्रात गोष्ट एकच: रखवालदाराची गिनेस कोणीतरी पळवलेली असते. सी-लायन नाकावर तोलतो, कांगारू पोटाच्या पिशवीत घालतो, कासव पाठीवर घेऊन चालू लागतं. तो मिशीवाला, हताश रखवालदार म्हणजे गिलरॉयने काढलेलं स्वतःचंच व्यंगचित्र. इतक्या चित्रांत त्याला घोटभर तरी मिळाल्याचं मला आठवत नाही. बिअर विकायच्या जाहिरातीत बिअर हाती न लागलेला माणूस नायक! मला विचाराल तर गिलरॉयची खरी करामत ही. बाकीचे हसरे चेहरे आणि उंचावलेले मग काढत होते.

यातलं शहामृगाचं पोस्टर माझं लाडकं. शहामृगाने ग्लासच गिळलाय आणि लांब मानेत ग्लासाचा आकार उठून दिसतोय, तोही सुलटा. यावर लोकांनी कंपनीला पत्रं पाठवली: चोचीने उचलून गिळलेला ग्लास मानेत उलटा नको का? कंपनीनेही गंभीर चेहऱ्याने उत्तर दिलं की शहामृग सी-लायनची नक्कल करत होता, त्याने ग्लास हवेत उडवला आणि वरच्या वर गिळला. जाहिरातीतल्या चुका शोधायला लोक आपणहून पत्रं लिहितात, याहून मोठं यश जाहिरातवाल्याला काय मिळणार?

आता खुणा. ही पोस्टरं रस्त्यावर, धावत्या बसमधून दिसायची. म्हणून मागची जमीन सपाट आणि मोकळी, मधे दोन आकृत्या, तळाशी ठसठशीत अक्षरं. असलं चित्र लिथोला फार सोयीचं. एकेका रंगाची प्लेट वेगळी. मूळ चित्र समोर ठेवून लिथो आर्टिस्ट ठरवायचा की इथे किती रंग लागतील, आणि दाणेदार प्लेटवर मेणकट खडूने छटा पाडायचा. त्यामुळे जुन्या छपाईत, सी-लायनच्या अंगावरच्या चकाकीसारख्या जागी भिंग लावलं तर रांगोळी विस्कटल्यासारखे वेडेवाकडे कण दिसतात. ओळीत बसलेले ठिपके दिसत नाहीत.

पण तुम्ही आधी लाल अक्षरं बघा. छपाईवाल्यांचा लूप घ्या, दहापट मोठं दाखवणारा. घड्याळजीकडचा असला तरी चालेल. अस्सल पोस्टरची अक्षरं लाल शाईनेच छापलेली असतात: आतून बाहेरपर्यंत सलग लाल, कडा सुरीने कापल्यागत. नक्कल आजच्या चार रंगांच्या ऑफसेटवर निघाली असेल तर तिथे लाल शाई नसतेच. मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळ्याचे ठिपके एकमेकांवर बसवून डोळ्याला लाल भासवलेलं असतं. लूपखाली ठिपक्यांची फुलं दिसतात आणि अक्षराची कड कुरतडल्यासारखी. इंकजेटवर काढली असेल तर फुलं नसतात, बारीक तुषार उडाल्यासारखं दिसतं. सलग लाल मात्र कुठेच सापडत नाही.

दुसरं, घड्या. पोस्टर फ्रेमबाहेर काढायला लावा (कुरकुर करेल, करू दे) आणि घडीवरून बोट फिरवा. कागद खरंच दुमडलेला असेल तर बोटाला वळ लागतो, आणि त्या रेषेवर शाई उडून आतला कागद दिसतो. नकलेत मूळ पोस्टरच्या फोटोबरोबर त्याच्या घड्याही छापल्या जातात. डोळ्यांना घडी, बोटाला गुळगुळीत.

फ्रेम उघडलीच आहे तर खालचा समास तपासा. छापखान्याचं नाव तिथे बारीक अक्षरांत असतं, लीड्सचे जॉन वॉडिंग्टन किंवा असं कोणी. माउंटखाली (फ्रेममधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) ते झाकलेलं असू शकतं, किंवा मुद्दाम कापलेलं. मापही घ्या. ब्रिटिश डबल क्राउन म्हणजे 20 बाय 30 इंच, क्वाड क्राउन 30 बाय 40. आपल्याकडचं 13 बाय 19 किंवा ए-2 निघालं तर मामला तिथेच संपला.

आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा कुठल्याही वाण्याकडे मिळतो, तो अंधारात कागदावर मारा. कागदाला निळसर झळाळी देणारी रसायनं सर्रास पडू लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. 1936 चा कागद त्या दिव्याखाली मळकट राहतो. ट्यूबलाइटसारखा उजळला तर दुकानदाराला नमस्कार करा आणि चहा तेवढा पिऊन या.

कागदकाच

दगडछाप, छान प्रतिसाद. पण एक शंका. 1950 च्या दशकातली गिनेसची पोस्टरं फोटोच्या स्क्रीनवरून (चित्राचे ठिपके पाडणाऱ्या जाळीतून) छापलेली मी पाहिली आहेत. चित्रात ठिपके होते आणि तरीही ती अस्सल होती. मग नुसत्या ठिपक्यांवरून निकाल कसा द्यायचा?

दगडछाप

देऊ नयेच. म्हणून तर अक्षरांपासून सुरुवात करायला सांगितलं. चित्र स्क्रीनवरून गेलं तरी मोठ्या अक्षरांचा लाल त्या काळी बहुधा वेगळ्या शाईने, सलगच छापायचे. चित्रात ठिपके आणि अक्षरं सलग असतील तर थांबून विचार करा, अक्षरांतच ठिपके असतील तर फार विचार नको. शिवाय ताईंचा दुकानदार 1936 म्हणतोय, 1955 नाही. जे साल त्याने सांगितलं त्याच सालाची परीक्षा घ्यायची.

एक जोड. गिलरॉय आधी तैलरंगात कॅनव्हास करायचा, पोस्टर नंतर. त्यातले बरेच कॅनव्हास कंपनीच्या संग्रहातून कधीकाळी बाहेर पडले आणि अलीकडे अमेरिकेत विकायला आले. त्यांत 1936 मध्ये जर्मनीसाठी केलेली, नाझी स्वस्तिक असलेली चित्रंही निघाली. ती मोहीम कधी झालीच नाही, म्हणजे पोस्टरही कधी छापलं गेलं नाही. तेव्हा अशा चित्राचं 'जुनं पोस्टर' कोणी दाखवलं तर लूप काढायचीही गरज नाही.

पत्र्याच्या पाटीबद्दल लिहायचं राहिलं. जुनी इनॅमलची (काचेसारखा रंग भाजून बसवलेली) पाटी जाड लोखंडी पत्र्याची आणि हाताला जड. आधी गडद अस्तर, मग पांढरा, मग एकेक रंग, आणि दर थराला सुमारे 800 अंशांच्या भट्टीची फेरी. त्यामुळे रंग बदलतो तिथे नखाला पायरी लागते. कपची उडाली की काचेसारखी उडते, आत काळं अस्तर दिसतं, आणि गंज त्या खड्ड्यात असतो. तुमच्या पाटीवर गंज फक्त भोकांभोवती, चारी ठिकाणी सारखा, असं असेल तर तो ॲसिडचा किंवा सरळ छापलेला. टूकनच्या चोचीवर नारिंगी संपून काळा सुरू होतो त्या रेषेवरून नख फिरवा.

सातारी_मिरची

आपल्याकडे अशी चित्रं का झाली नाहीत हो? त्याच काळात इथेही लिथोचे मोठे छापखाने होते, रविवर्मा प्रेस तर 1894 पासून.

दगडछाप

हात होते, यंत्रं होती, पण जाहिरात द्यायची सोय फार काळ राहिली नाही. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारूच्या जाहिरातीलाच आडकाठी केली. पुढे केबल टीव्हीवरच्या अशा जाहिरातींवरही बंदी आली. मग बिअर कंपन्यांनी सोडा, पाणी आणि कॅलेंडरं विकायला घेतली. कॅलेंडरातल्या पोरी बघून कोणाला हसू आल्याचं ऐकिवात नाही. मृण्मयीताई, यावरून आठवलं, बारच्या आत काय लावलेलं चालतं ते भावाने एकदा एक्साइजच्या ऑफिसात विचारून घ्यावं.

मृण्मयी_ठाणे

काका, काल परत गेले, घड्याळजीचा लूप घेऊन. लाल अक्षरांत गुलाबी-पिवळी फुलंच फुलं. घडी बोटाला अजिबात लागली नाही. दिवा मारायच्या आधीच दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुम्ही पहिल्यांदाच बोलायचं ना, कॉपी म्हणून देतो." 22 हजारांवरून थेट 900 वर आला. पाटीला पायरी नाही, नख सरळ घसरलं. भाऊ तरीही सी-लायन घ्या म्हणतोय. 900 ला घ्यावा का?

उगाचच

मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हणालो होतो?

दगडछाप

900 त्या फ्रेमचे होतात, लाकूड बरं असेल तर घ्या. फक्त दोन गोष्टी सांभाळा. लॅमिनेशन करू नका, बारमधल्या दमटपणाने त्याला फुगे येतात. आणि काचेला कागद चिकटू देऊ नका, मध्ये माउंटचं अंतर ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात शाई काचेवर येईल. किचनच्या दाराशेजारची भिंत टाळा. शहामृगाची चांगली प्रिंट कुठे मिळाली तर मलाही कळवा, मी माझ्यासाठी शोधतोय.