मदत हवी आहे: बाबांची इमॅटिनिब बदलावी लागेल का?

नमस्कार मंडळी. बाबांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग) आहे. सहा महिन्यांपासून त्यावरची इमॅटिनिब ही गोळी, ४०० मिग्रॅ रोज एक, जेवणासोबत. पांढऱ्या पेशी पहिल्या दीड महिन्यातच ताळ्यावर आल्या, आम्ही निर्धास्त झालो. पण बीसीआर-एबीएल (या आजाराच्या बिघडलेल्या जनुकाचं रक्तातलं प्रमाण) तिसऱ्या महिन्यात १४ टक्के होतं, आता ६ आहे. सहा महिन्यांत ते १ टक्क्याच्या आत यायला हवं होतं.

काल त्यांच्या चष्म्याच्या डबीत अकरा गोळ्या सापडल्या. गोळी घेतली की मळमळतं, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, सकाळी पापण्या इतक्या सुजतात की डोळे नीट उघडत नाहीत. आम्हाला काळजी नको म्हणून बोलले नाहीत. फार वाईट वाटलं.

सोमवारी डॉक्टरांना हे सांगणारच आहोत. ते म्युटेशन टेस्ट (औषध लागू पडू न देणारा जनुकातला बदल शोधणारी चाचणी) करून डासाटिनिब किंवा निलोटिनिब या दुसऱ्या औषधांचा विचार करू म्हणाले होते. गोळ्या चुकल्यामुळेच आकडा अडकला असेल, तर आधी नियमित घेऊन पाहतात का? कोणी औषध बदललंय का? बाबांना हृदयाचा त्रास आहे आणि निलोटिनिब हृदयाला जपून द्यावं लागतं, म्हणून जास्त धास्ती वाटते. आणि मळमळ, गोळे कशाने कमी झाले, तेही कृपया सांगा.