भारताच्या युवा फुटबॉल संघाचा इतिहास २०१७ पासून मोजावा की १९७४ पासून?

प्रश्न : रंकाळाकाठचा वाचक, कोल्हापूर

सर्वांना नमस्कार. आमच्या पेठेतील वाचनालयात संध्याकाळी फुटबॉलचा सराव आटोपून येणाऱ्या मुलांसाठी मी एक माहितीफलक तयार करत आहे. विषय आहे भारताचा सतरा वर्षांखालील मुलांचा संघ. पहिल्या मसुद्यात मी असे लिहिले होते की या संघाचा इतिहास ६ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू होतो, कारण त्या दिवशी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर अमेरिकेविरुद्ध उतरलेला आपला संघ हा फिफाच्या विश्वचषकात, कोणत्याही वयोगटात, खेळलेला पहिला भारतीय संघ होता. मसुदा वाचून तालमीतील एक ज्येष्ठ खेळाडू अस्वस्थ झाले. "आपली पोरं १९७४ साली आशियाची विजेती झाली होती, ती कुठं गेली तुमच्या फलकातनं?" असे त्यांनी मला विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही.

दुसरी अडचण आकड्यांची आहे. २०१७ मध्ये आपण अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असे हरलो. तीन सामने, एक गोल, नऊ गोल स्वीकारले, शून्य गुण. त्या संघातील अनिकेत जाधव आमच्या कोल्हापूरचा असल्यामुळे फलकासमोर उभे राहणारे प्रत्येक मूल आधी त्याचे नाव शोधणार आणि मग हे आकडे वाचणार. त्यांना खोटा दिलासा द्यायचा नाही, पण केवळ पराभवांची यादीही लावायची नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : जुना हाफबॅक, मुंबई

आपल्या तालमीतील त्या ज्येष्ठांचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्यांना माझा नमस्कार सांगावा. १९७४ मध्ये बँकॉक येथे झालेल्या आशियाई युवा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण यांची २-२ अशी बरोबरी झाली आणि दोन्ही संघांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. आपला कर्णधार होता शब्बीर अली आणि प्रशिक्षक होते अरुण घोष, म्हणजे १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातील बचावपटू. ज्या पिढीने आशिया जिंकला, तिच्यातल्याच एकाने पुढच्या पिढीला तयार केले आणि तिनेही आशियात अव्वल स्थान मिळवले, ही साखळी मला त्या चषकाइतकीच मोलाची वाटते.

मात्र फलकाच्या दृष्टीने एक भेद स्पष्ट करायला हवा. १९७४ ची स्पर्धा सतरा वर्षांखालील मुलांची नव्हती. आज जिला वीस वर्षांखालील आशिया चषक म्हणतात तिची ती पूर्वज होय. सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धा १९८५ मध्ये कतारमध्ये प्रथम झाली आणि त्याच वर्षी फिफाने चीनमध्ये या वयोगटाची पहिली जागतिक स्पर्धा भरवली, जी १९९१ पासून सतरा वर्षांखालील झाली. त्यामुळे आपला फलक काटेकोरपणे याच संघाचा असेल तर १९७४ चा उल्लेख त्याच्या थोरल्या भावाचा म्हणून यावा.

आणखी एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. फिफाची पहिली जागतिक युवा स्पर्धा १९७७ मध्ये ट्युनिशियात झाली. म्हणजे शब्बीर अली आणि त्याचे सवंगडी आशियाच्या शिखरावर उभे होते तेव्हा तिथून पुढे जायला रस्ताच बांधला गेला नव्हता. तीन वर्षे उशिरा जन्मले असते, तर कदाचित आपल्या विश्वचषकाच्या इतिहासाचा आरंभ दिल्लीत झाला नसता. रस्ता झाला तेव्हा मात्र आपण मागे पडलो होतो. वीस वर्षांखालील विश्वचषकासाठी भारत आजवर एकदाही पात्र ठरलेला नाही.

उत्तर २ : फातोर्ड्याचा प्रेक्षक, मडगाव

हाफबॅक साहेबांच्या उत्तराला मी सतरा वर्षांखालील संघापुरती जोड देतो.

२०१७ चे आकडे एकटे वाचले तर ते दिशाभूल करतात. आपण यजमान म्हणून त्या स्पर्धेत होतो. पात्रता फेरी खेळून ती जागा मिळवलेली नव्हती, हे फलकावर स्पष्ट लिहावे, त्यात कमीपणा नाही. पण आपला गट कसा होता तेही लिहावे. घाना, कोलंबिया आणि अमेरिका या तिघांचेही सहा-सहा गुण झाले आणि तिघेही बाद फेरीत गेले. त्याच अमेरिकेला पुढे उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडने आमच्या फातोर्ड्याच्या मैदानावर ४-१ असे हरवले, आणि त्याच मैदानावर त्याआधी इराणने जर्मनीला ४-० असे हरवलेले मी स्वतः पाहिले. आशियाई मुले काय करू शकतात याचा तो पुरावा होता. घरी परतताना मला त्या विजयाचा आनंद होता आणि आपल्या मुलांबद्दल हुरहूरही होती.

दिल्लीतील कोलंबियाविरुद्धचा सामना फलकावर सविस्तर यायला हवा. पूर्वार्धात राहुल के. पी. याचा फटका गोलखांबाला लागून परतला. गोलरक्षक धीरज सिंगने संघाला तोलून धरले होते. उत्तरार्धाच्या आरंभी पेन्यालोसाने कोलंबियाला आघाडी मिळवून दिली. मग ८२ व्या मिनिटाला संजीव स्टालिनच्या कॉर्नर किकवर मणिपूरच्या जेक्सन सिंगने उंच उडी घेत हेडरने गोल केला, आणि फिफाच्या विश्वचषकातील भारताचा पहिला गोल नोंदला गेला. जल्लोष ओसरायच्या आत, पुढच्याच मिनिटाला, पेन्यालोसाने दुसरा गोल केला. प्रशिक्षक लुईस नॉर्टन डी माटोस यांचा संघ बचावात शिस्तबद्ध होता. उणीव होती ती गोल केल्यानंतरच्या एका मिनिटात डोके शांत ठेवण्याच्या सवयीची, आणि ही सवय सराव शिबिरात लागत नाही, चुरशीच्या सामन्यांतच लागते.

आता माझे ठाम मत मांडतो. या संघाचा सर्वांत अभिमानास्पद क्षण २०१७ चा नाही, २०१८ चा आहे. त्या वर्षी मलेशियात झालेल्या, सतरा वर्षांखालील विश्वचषकाची पात्रता ठरवणाऱ्या सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धेत आमच्या गोव्याचे प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस यांच्या संघाने व्हिएतनामला विक्रम प्रताप सिंगच्या पेनल्टीवर १-० असे हरवले, इराण आणि इंडोनेशियाला गोलशून्य बरोबरीत रोखले आणि २००२ नंतर प्रथमच उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे दक्षिण कोरियाने एकमेव गोलने आपल्याला हरवले. तो सामना जिंकला असता तर २०१९ च्या विश्वचषकात भारत यजमानपदाच्या आधाराविना, स्वतःच्या पायांवर पोहोचला असता. संपूर्ण स्पर्धेत त्या मुलांनी स्वीकारलेला तो एकच गोल होता. २०१६ मध्ये हीच स्पर्धा गोव्यात झाली तेव्हा आपण यजमान असूनही अमिरातीकडून २-३ आणि इराणकडून ०-३ असे हरलो होतो, सौदी अरेबियाशी मात्र ३-३ अशी बरोबरी केली होती. दोन वर्षांत बचाव किती सुधारला हे या आकड्यांतूनच दिसते.

बिबियानो यांच्या पुढच्या तुकडीनेही २०२० च्या आशियाई स्पर्धेसाठी पात्रता मिळवली होती, पण कोविडमुळे बहरीनमधील ती स्पर्धाच रद्द झाली. त्या मुलांच्या नावापुढे निकालच नाही, तरी फलकावर त्यांच्यासाठी एक ओळ राखून ठेवावी.

उत्तर ३ : मैदानावरचा प्रशिक्षक, पुणे

वरील दोन्ही उत्तरे मनापासून आवडली, तरी २०१८ ला २०१७ च्या वर ठेवण्याबाबत माझा थोडा मतभेद आहे. स्पर्धात्मक यश म्हणून आपण म्हणता ते योग्य आहे. पण २०१७ च्या स्पर्धेला देशभरातील सहा शहरांत मिळून १३ लाख ४७ हजारांहून अधिक प्रेक्षक आले, जो त्या स्पर्धेचा तोवरचा विक्रम होता. त्याआधी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारच्या मिशन वन मिलियन उपक्रमात राज्यभरच्या शाळांतील मुले एकाच दिवशी फुटबॉल घेऊन मैदानात उतरली. नंतरच्या महिन्यांत माझ्याकडे प्रवेशासाठी येणाऱ्या पालकांची जी रीघ लागली, ती मी त्यापूर्वी कधीच पाहिली नव्हती.

मला अधिक काळजी वाटते ती सतरा ते एकवीस या चार वर्षांची. सतरा वर्षांखालील संघ या ना त्या मार्गाने आशियाई स्पर्धेत पोहोचतो : २००८, २०१२, २०१६, २०१८, २०२३. वीस वर्षांखालील संघ मात्र २००६ मध्ये, तोही यजमान म्हणून, आशियाई स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात खेळला आणि त्यानंतर आजवर तिथे दिसलेला नाही. तीच मुले तीन वर्षांनी कमी गुणवान होतात असे कोणीही म्हणणार नाही. दोष सामन्यांच्या दुष्काळाचा आहे. माझ्याकडील एका गुणी आघाडीपटूला सतराव्या वर्षी एका क्लबने राखीव संघात घेतले. बारावीची परीक्षा सांभाळत तो रोज सरावाला गेला, पण वर्षभरात त्याच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सामने आले. पुढच्या मोसमात त्याने खेळ सोडला. अशी मुले कोणत्याही आकडेवारीत येत नाहीत.

२०१७ च्या तुकडीचे नशीब त्या मानाने चांगले, कारण तिच्यासाठी भारतीय फुटबॉल महासंघाने इंडियन ॲरोज हा संघ पुन्हा उभा करून आय-लीग या वरिष्ठ क्लबांच्या स्पर्धेत उतरवला. पहिल्याच सामन्यात या मुलांनी गोव्यातील बांबोळीच्या मैदानावर चेन्नई सिटीला ३-० असे हरवले आणि त्यांपैकी दोन गोल आपल्या अनिकेतचे होते. प्रश्नकर्त्यांनी हे फलकावर जरूर घ्यावे. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधील कोटिफ या युवा स्पर्धेत फ्लॉइड पिंटो यांच्या वीस वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाच्या युवा संघाला २-१ असे हरवले, तेव्हा अर्जेंटिनाचे प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी होते, ज्यांनी पुढे २०२२ चा विश्वचषक जिंकला. त्या सामन्यात अनिकेतला रेड कार्ड मिळाले आणि उरलेल्या दहा जणांनी झुंज दिली; अन्वर अलीच्या फ्री किकने दुसरा गोल झाला. रेड कार्डचा उल्लेख टाळू नये असे मला वाटते. मुलांना आपला नायक चुकतो आणि पुन्हा उभा राहतो हे कळले पाहिजे. हाच अन्वर पुढे हृदयविकाराच्या निदानामुळे खेळापासून दूर राहिला, दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर वरिष्ठ राष्ट्रीय संघात आला. जेक्सन, सुरेश सिंग वांगजाम आणि कर्णधार अमरजीत सिंग हेही वरिष्ठ संघाकडून खेळले.

इंडियन ॲरोज २०२२ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी रिलायन्स फाउंडेशनची युवा खेळाडूंसाठीची डेव्हलपमेंट लीग सुरू झाली हे स्वागतार्ह आहे, परंतु वयाने आणि ताकदीने मोठ्या खेळाडूंसमोर आठवड्यामागून आठवडे उभे राहण्याचा अनुभव त्यातून मिळत नाही.

दक्षिण आशियाई स्पर्धांची विजेतेपदे वेगळ्या रकान्यात ठेवावीत. २०१९ मध्ये कल्याणी येथे नेपाळवर ७-० आणि २०२२ मध्ये कोलंबोत नेपाळवरच ४-० असे अंतिम सामन्यांतील विजय आनंदाचे आहेत, पण २०२३ च्या आशिया चषकात जपानने आपल्यावर आठ गोल केले. त्या सामन्यात आपणही चार गोल केले, हे मात्र विसरू नये. जपानविरुद्ध चार गोल करणारी आपली मुले मी तरी त्यापूर्वी पाहिली नव्हती.

रंकाळाकाठचा वाचक, कोल्हापूर

आपण तिघांनी एवढा वेळ काढलात याबद्दल मनःपूर्वक आभार. मसुदा बदलला आहे. पहिला रकाना बँकॉक १९७४ चा, त्याखाली वयोगटांतील फरक एका वाक्यात. त्यानंतर यजमान म्हणून खेळलेल्या स्पर्धा आणि पात्र ठरून खेळलेल्या स्पर्धा वेगवेगळ्या रंगात, म्हणजे मुलांना फरक न सांगता दिसेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला इराणला २-१ असे हरवून आपण २०२६ च्या आशिया चषकाची पात्रता मिळवली, तो निकाल पात्रतेच्या रंगात सर्वांत खाली घेतला आहे. इराणविरुद्धच फलक सुरू होतो आणि इराणविरुद्धच थांबतो, हे मसुदा पुन्हा लिहिताना लक्षात आले. ज्येष्ठांनी आज संध्याकाळी तो वाचला आणि एकच दुरुस्ती सुचवली : "संयुक्त" हा शब्द काढून नुसते "विजेते" लिहावे. काय करावे?

जुना हाफबॅक, मुंबई

"संयुक्त विजेते" असेच ठेवावे. इराणची मुलेही त्या दिवशी तेवढेच खेळली होती. ज्येष्ठांना मी सांगितले म्हणून सांगा. माझ्या वयाचा माणूस आहे, ऐकतील.