मदत हवी आहे : विंडोज ११ टाकताना जुनी सेटिंग कशी वाचवू?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून आता ११ टाकायचं आहे. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅटच मारा. पण वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये मी चार वर्षं शब्द भरलेत. ‘गक्र’ लिहिलं की ‘गट क्रमांक’ उमटतं. पीकविम्याच्या गर्दीत माझी सगळी भिस्त त्यावरच.

ॲपडेटा, म्हणजे प्रोग्रामांची सेटिंग साठवणाऱ्या फोल्डरमधली नॉर्मल टेम्प्लेट (वर्डची मूळ नमुना फाइल) आणि ऑटोकरेक्टच्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या आहेत. तेवढं पुरेल का? की फॉरमॅट न करता, फायली आणि ॲप्स ठेवण्याचा पर्याय निवडून वरूनच अपग्रेड करू? मी बदललेला देवनागरी कीबोर्ड त्यात टिकतो का? आणि इकडे लाइन कधीही जाते, मधातच गेली तर? कोणी केलं असेल तर सांगा जी.