केसपेपरवर 'अननोन बाईट' असेल तर टी६३.० हा सापाच्या विषाचा कोड लावायचा का?

रेकॉर्डवाली
कोकणातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात रेकॉर्ड सांभाळते. पाऊस लागला की चावल्याचे पेशंट रोजचेच. परवा लावणी करताना एका मावशींच्या पावलाला काहीतरी चावलं. कुणी काही पाहिलं नाही, पण मुलगा आपला 'आईला पान लागलं', म्हणजे साप चावला, एवढंच घोकत होता. डॉक्टरांनी लिहिलं 'अननोन बाईट, ? स्नेक'. काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटं ठेवलं, गोठलं. सूज नाही, पापण्या जड नाहीत. दिवसभर ठेवून घरी सोडलं, एएसव्हीची, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाची, एकही बाटली लागली नाही.

मी आयसीडी-१० मधला, म्हणजे आजार-इजांच्या कोडच्या जागतिक यादीतला, टी६३.० लावला. आता महिन्याच्या तक्त्यात सर्पदंश १९ आणि एएसव्ही ७ जणांनाच कसं, म्हणून मला धारेवर धरलंय. चुकलं कुठे?

जुना_एमआरडी
टी६३.० म्हणजे सापाच्या विषाची बाधा. डॉक्टरांचं प्रश्नचिन्ह पुसून साप तू ठरवलास की! इथे नुसती जखम धर: पावलाला एस९१.३, आणि कारणाला डब्ल्यू६४, कारण प्राणी माहीत नाही. शेतात चावलं म्हणून चौथा आकडा ७. विष चढलंय पण प्राणी कळला नाही, तर टी६३.९ आणि एक्स२९. फुरसं मारून पिशवीतून आणलं असेल, तर मात्र बिनधास्त टी६३.० आणि एक्स२०.

रेकॉर्डवाली
आमच्याकडे बरणीत आणतात, तेही जिवंत. एकदा झाकण सैल होतं, अख्खी ओपीडी बाकावर चढली होती.
पण पेपरवर जखम नाही, 'ओरखडा' लिहिलंय.

जुना_एमआरडी
मग एस९०.८, पावलाची वरवरची इजा. तिसऱ्या खंडातल्या सूचीत शोधलंस तरी पहिल्या खंडातल्या मुख्य यादीत उघडून बघितल्याशिवाय लिहू नकोस.

रात्रपाळी_डॉक्टर
एक सांगतो, रक्त गोठलं म्हणून साप नव्हता असंही तुम्ही ठरवू नका. ती चाचणी घोणस-फुरशासाठी, त्यांच्या विषाने रक्त गोठत नाही. मण्यार चावली तर रक्त गोठतं, आणि दाताची खूणही धड दिसत नाही. रात्री दोनला आम्ही 'अननोन' लिहितो आणि सोडताना अंतिम निदान लिहायचं राहून जातं, हा दोष आमचाच. पेपर परत पाठवा, कोड नंतर.

रेकॉर्डवाली
१९ पेपर काढून बसले. ८ वर प्रश्नचिन्ह तसंच आहे. उद्या ओपीडी सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना चहाच्या टपरीवरच गाठते.