मदत हवी आहे (कोरोना काळ, २०२०): दोघांचं घरून काम, पाळणाघर बंद, दोन मुलं

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात, कोथरूडला राहतो. मुलगी दुसरीत, मुलगा अडीच वर्षांचा. कोरोनामुळे मार्च २०२० पासून पाळणाघर बंद आहे. आमचं दोघांचंही ऑफिस घरून, पूर्ण वेळ.

खरी ओढाताण सकाळी दहा ते एक. तेव्हाच माझी टीमची मीटिंग आणि मुलीचा ऑनलाइन वर्ग. केंद्राच्या जुलै २०२० च्या सूचनांनुसार पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे जास्तीत जास्त दोनच ऑनलाइन वर्ग घ्यायचे आहेत, पण नंतरचा गृहपाठ, त्याचे फोटो काढून पाठवणं, हे सगळं आमच्याकडेच. ती "आई, टीचर म्यूट झाल्या" म्हणून हाक मारते आणि धाकटा तेवढ्यात चार्जरची पिन उपटतो. सह्याद्री वाहिनीवरचे पाठ तिला आवडतात, तेवढाच थोडा वेळ मिळतो.

सासूबाई साताऱ्याहून यायला तयार आहेत. ई-पास (सध्या दुसऱ्या जिल्ह्यातून यायला लागणारा परवाना) काढता येईल. पण त्यांना मधुमेह आहे, आणि आमच्या सोसायटीत कोरोनाचे रुग्ण निघालेत. मन धजावत नाही. आधी त्यांचा जीव, मग माझी मीटिंग.

कोणी नवरा-बायकोने पाळ्या लावून काम केलंय का, म्हणजे एकाने पहाटे, दुसऱ्याने रात्री? झोपेचं कसं जमवलंत? मॅनेजरकडे दुपारचे दोन तास मोकळे कसे मागितलेत, लेखी की बोलून? आणि शेजारच्या एकाच कुटुंबाशी ठरवून मुलं आलटून-पालटून सांभाळली असतील, तर काय काळजी घेतलीत? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.