दोनाचे चार हात केले की मुलगा खरंच सुधारतो का? सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

घरचाच प्रश्न आहे, म्हणून नावगाव सांगत नाही. मावसभाऊ, वय २६. वडील लवकर गेले, नववीत शाळा सुटली, मग चौकातली पोरं, वर्गणीवरून मारामाऱ्या. दोन केसेस झाल्या, एक अजून कोर्टात आहे. हल्ली शांत असतो. मावशीचं एकच पालुपद, "दोनाचे चार हात करा, येईल ताळ्यावर." स्थळं बघायला सुरुवातही झालीये.

मी या विषयावर थोडंफार वाचलंय. शेल्डन आणि एलेनॉर ग्लूक या हार्वर्डच्या जोडप्याने सुधारगृहातली ५०० मुलं आणि बॉस्टनच्या तसल्याच वस्त्यांतली, पण गुन्ह्यात न अडकलेली ५०० मुलं घेऊन मोठा अभ्यास केला होता. तो १९५० साली छापून आला. त्याचे कागद पुढे तळघरात खोक्यांत पडून होते. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब या संशोधकांनी ते बाहेर काढले आणि सुधारगृहातल्या त्या मुलांपैकी ५२ जणांना त्यांच्या म्हातारपणी गाठून बोलतं केलं. बालपण सारखंच खडतर, तरी पुढचे रस्ते वेगवेगळे. लग्न, टिकलेली नोकरी, सैन्यातली भरती यांमुळे बरेच जण गुन्ह्यांतून बाहेर पडले. म्हणजे मावशी अगदीच चूक नाही!

पण खोच अशी की नुसत्या अक्षता पडून काही झालं नव्हतं. नवराबायकोचं हळूहळू जमत गेलं, संध्याकाळ घरी जायला लागली, जुनी संगत सुटली, तिथे फरक पडला. आमच्याकडे लग्नानंतरही हा त्याच खोलीत, त्याच चौकात राहणार. बायको स्वयंपाकघरात आणि हा कट्ट्यावर. मग बदलणार काय? उद्या काही झालं तर "पांढऱ्या पायाची" म्हणून तिलाच बोल लावतील, हे वेगळंच.

माझ्या मते आधी काम हवं. एका गोदामात लागला होता, पण पोलीस पडताळणीचा दाखला मागितला आणि गाडी अडली. केस चालू असताना कुणाच्या नात्यातल्याला नोकरी मिळालीये का? कोणत्या प्रकारची? स्वतःचा छोटा धंदा काढून दिला तर निभतं का? दुसऱ्या गावी मामाकडे पाठवायचाही विचार आहे. तारखांना यावं लागेल, आणि जामिनाच्या अटींचं वकिलांना विचारणार आहे. पण गाव बदलून संगत खरंच सुटते, की फोनवरून तीच पोरं मागे येतात?

मुलीकडच्यांना केसबद्दल स्पष्ट सांगायचं, यावर मी ठाम आहे. मावशी म्हणते, सांगितलं तर मुलगी कोण देईल? तिची समजूत कशी घालावी?

जवळून पाहिलेलं असेल तर कृपया लिहा. उघड लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.